मोटारींतील हरवलेला खर्ज
मोटारींतील सबवूफर, म्हणजे सुमारें ८० हर्ट्‌झखालील खर्ज वाजविणारा स्पीकर, क्षीण वाजूं लागला कीं आपण आवाज वाढवितों, नाहीं तर मोठा अ‍ॅम्प्लिफायर विकत घेतों. पहिल्यानें स्पीकरचें वेटोळें जळण्याचें भय; दुसऱ्यानें द्रव्यनाश. दोष पुष्कळदां तारांचाच असतो.

सबवूफर दोन असून एकाच्या धन-ऋण तारा उलट जोडल्या गेल्या, तर एकाचा पडदा पुढें येतांना दुसऱ्याचा मागें जातो, आणि दोहोंचा खर्ज परस्परांस मारून टाकतो. यंत्र बंद करून एकाच्याच तारांची अदलाबदल करावी. खर्ज भरून आला, तर दोष सांपडला! न आल्यास तारा पूर्ववत् कराव्या, आणि अ‍ॅम्प्लिफायरची ऋण तार मोटारीच्या रंग खरवडलेल्या पत्र्यास घट्ट बसली आहे ना, तें पाहावें. पैशाची पिशवी सोडण्यापूर्वीं तारा तपासाव्या, एवढेंच सांगणें.