छत्तीसगढ मित्राचे अंक

दुर्ग जिल्ह्यातील नंदिनी नगरच्या खाणींतील चुनखडी भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी काढली जाते, एवढीच त्या गावाची बाहेर ओळख आहे. परंतु या छत्तीसगडातील वृत्तपत्रव्यवसायाचा पाया एका मराठी गृहस्थाने घातला, ही गोष्ट तेथे चाकरीनिमित्त राहिलेल्या किती मराठी कुटुंबांना ठाऊक असेल?

ते गृहस्थ म्हणजे माधवराव सप्रे. पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवीत असता त्यांनी जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर सहसंपादक, वामन बळीराम लाखे प्रकाशक, तिघेही मराठी! छपाई प्रथम रायपुरास व पुढे नागपुरास होई. पदराला खार लावून चाललेले हे मासिक डिसेंबर १९०२ मध्ये बंद पडले. पुष्कळजण जिला हिंदीतील पहिली लघुकथा मानतात, ती सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' १९०१ साली त्यातच छापली गेली.

अशा पत्रांचे अंक जमविणे हे जिकिरीचे काम आहे. ग्रंथ कपाटात जातो, वर्तमानपत्र पुड्या बांधण्यास! त्यातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यापूर्वीचा चिंध्यांचा कागद अधिक टिकाऊ असे. म्हणून पुष्कळदा आजोबांचा अंक शाबूत आणि नातवाचा मात्र चुरा, असा उलटा प्रकार आढळतो. शिवाय मराठी माणसाचे हिंदी पत्र सांभाळावयाचे कोणी, हाही प्रश्न उरतोच. सुदैवाने विजयदत्त श्रीधर यांनी १९८४ साली भोपाळ येथे सप्र्यांच्याच नावे समाचारपत्र संग्रहालय उभारले आणि घरोघरीचे जुने गठ्ठे तेथे येऊ लागले.

दूर प्रशांत महासागरातही हीच धडपड दिसते. हवाई बेटांवर १८३४ साली तेथील भाषेत 'का लामा हवाई' हे पत्र निघाले. १९६८ साली कॅनबेरा येथे स्थापन झालेली एक संस्था तर बेटाबेटांवरील कागदपत्रे शोधून त्यांच्या सूक्ष्मपट्ट्या करीत आली आहे. तेथे दमट हवा व वाळवी वैरी. आपल्याकडे त्यांच्या जोडीला दिवाळीची साफसफाई!

तेव्हा माळ्यावर असा गठ्ठा सापडलाच, तर फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक कागदाला कायमचा डाग पाडतो. घड्या हलक्या हाताने उलगडाव्यात, अंक आडवे ठेवावेत, आणि ते कोणाच्या घरचे, कोणत्या गावचे, हे निराळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहून ठेवावे.