फसवी गाठ : स्वागताध्यक्षीय भाषण



जिजाऊंच्या सिंदखेडराजाच्या आणि लोणार सरोवराच्या या बुलढाणा जिल्ह्यात स्वागत समिती सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करीत आहे.

आजच्या चर्चेचा विषय एचआयव्हीला रोखणारे आरएनए रेणू हा आहे. एचआयव्हीची जनुकीय माहिती आरएनएच्या धाग्यात असते आणि पेशीत शिरल्यावर तिची डीएनए प्रत काढणारे ‘रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज’ हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, अडवले तर विषाणूचे पुढचे सारे काम खोळंबते. कोट्यवधी निरनिराळ्या आरएनए रेणूंच्या मिश्रणातून लक्ष्याला चिकटणारे तेवढे वेचायचे, त्यांच्या प्रती काढायच्या आणि पुन्हा वेचायचे, ही ‘सेलेक्स’ पद्धत क्रेग टर्क आणि लॅरी गोल्ड यांनी १९९० साली मांडली. अशा रेणूंना ‘अ‍ॅप्टामर’ हे नाव त्याच वर्षी एलिंग्टन आणि शोस्टाक यांनी दिले. १९९२ साली याच पद्धतीने वेचलेले, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला रोखणारे आरएनए रेणू प्रसिद्ध झाले. त्यांचा धागा स्वतःवरच दुमडून गाठीसारखा दिसतो, परंतु ती खरी गाठ नसते, म्हणून तिला फसवी गाठ म्हणावे. विषाणूचा धागा विकराच्या ज्या खोबणीत यायचा, तीच खोबण ही घडी अडवून बसते. झिडोव्हुडीनसारखे औषध तयार होत असलेल्या डीएनए साखळीत शिरून ती खुंटवते; येथे मात्र ज्या जातीचा धागा वाचण्यासाठी विकर घडले, त्याच जातीचा रेणू त्याला निकामी करतो, आणि खरी मौज यातच आहे.

कौतुक मात्र येथेच आवरावे लागते. आरएनएच्या प्रत्येक शर्करेवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी असते, ती शेजारच्या दुव्यावर चाल करून साखळी तोडते आणि अल्कधर्मी पाण्यात ही तोडफोड वाढते. सामू दहाच्या आसपास असलेल्या लोणारच्या पाण्यात उघडा आरएनए फार काळ तग धरणार नाही. रक्तात तर त्याला कापणारी विकरे टपलेलीच असतात. त्या जोडीच्या जागी फ्लोरिन बसवून रेणू टिकवता येतो, पण तो पेशीच्या आत न्यायचा कसा, हा अधिक अवघड प्रश्न उरतो. अमेरिकेत २००४ साली मंजूर झालेले पेगाप्टानिब हे पहिले अ‍ॅप्टामर औषध डोळ्यात टोचायचे होते आणि त्याचे लक्ष्य पेशीबाहेरचे प्रथिन होते, हा योगायोग नव्हे.

म्हणून रेणू किती घट्ट चिकटतो यापेक्षा तो पेशीत पोहोचवण्याच्या वाटांवर चर्चेचा अधिक वेळ खर्चावा, आणि जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना प्रत्येक सत्रात जागा ठेवावी, ही स्वागत समितीची विनंती आहे.