आता पुढची परीक्षा कोणती?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी विदुषी नव्हे. अंबाजोगाईतल्या एका खाजगी कचेरीत संगणकावर नोंदी करणारी मी एक साधी बाई. परंतु गेल्या वर्षभरात मंडळाच्या कितीतरी भगिनींनी मला एकच प्रश्न विचारला आहे. तो असा: "ताई, एक परीक्षा झाली, आता पुढची कोणती देऊ?" हाच प्रश्न सध्या माझ्या स्वतःच्या घरीही उभा आहे. म्हणून त्याच विषयावर बोलते.

परीक्षा देण्याची हौस आपल्या बायकांना नवी नाही. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले, तेव्हा रमाबाई रानडे यांनी प्रौढ आणि विधवा बायकांना शिक्षणाच्या वाटेवर आणले. पुढे १९३७ साली महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा स्थापन झाली. चूल सांभाळून प्रबोध, प्रवीण, पंडित अशा पायऱ्या चढलेल्या वडीलधाऱ्या बायका आपल्यांतल्या अनेकींनी पाहिल्या असतील. तिथे एक सोय होती. एका पायरीनंतर दुसरी पायरी आपोआप ठरलेली असे. संगणकाच्या परीक्षांचे तसे नाही. हा जिना नव्हे, हा आठवडी बाजार आहे. प्रत्येक दुकानदार आपलाच माल चांगला म्हणतो, आणि घरून काय आणायचे ते ठरवून न गेलेली बाई पिशवीभर नको त्या वस्तू घेऊन परत येते.

तेव्हा आधी माल नीट पाहू.

पहिली एम.एस.-सी.आय.टी. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले, आणि त्यानंतर ही परीक्षा तालुक्यातालुक्यांत पोहोचली. वर्गात बसून, रोज यंत्रापुढे हात चालवून हिचा अभ्यास होतो.

दुसरी सी.सी.सी. ही केंद्र सरकारच्या निलिट या संस्थेची. या संस्थेचे नाव २०११ पर्यंत डोएक असे होते. हिचा अभ्यासक्रम ८० तासांचा, आणि परीक्षेत १०० वस्तुनिष्ठ प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे. कोणत्याही वर्गात नाव न घालता, घरी अभ्यास करून थेट अर्ज भरता येतो, हा हिचा मोठा गुण.

तिसरी टंकलेखनाची. ही पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पूर्वी टाइपरायटरच्या खडखडाटात होणारी ही परीक्षा आता संगणकावर होते. मराठी, हिंदी व इंग्रजी, आणि प्रत्येकीत मिनिटाला ३० व ४० शब्द असे तिचे प्रकार आहेत.

चौथी ओ लेव्हल. हीही निलिटचीच, पण बरीच वरच्या इयत्तेची. बारावी झालेल्या बाईला ती थेट देता येते. चार विषय, प्रात्यक्षिके आणि एक प्रकल्प असा तिचा पसारा आहे. कचेरीची साधने, संकेतस्थळाची रचना, पायथन भाषेतील प्रोग्रॅम लिहिणे आणि वस्तूंचे इंटरनेट, हे ते चार विषय. चारही एकदम दिलेच पाहिजेत असे नाही. एकेक करून दिले तरी चालतात.

याखेरीज परदेशी कंपन्यांच्या परीक्षा आहेत. सिस्को कंपनीची सी.सी.एन.ए. त्यांपैकी एक. तिचे शुल्क डॉलरच्या हिशेबात, आणि दाखला तीनच वर्षे चालतो. पुढे तो नवा करून घ्यावा लागतो. पुण्याला किंवा बंगळुरूला संगणकजाळ्याच्या नोकरीला जाणाऱ्या मुलीने ती अवश्य द्यावी. परंतु इथेच राहून दाखला नुसता भिंतीवर टांगायचा असेल, तर तीन वर्षांनी जुने होणारे इतके महाग चित्र कशाला?

आता मुद्द्याचे सांगते. राज्य शासनाचा ४ फेब्रुवारी २०१३ चा एक निर्णय आहे. सरकारी नोकरीसाठी लागणारी संगणकाची अर्हता म्हणून त्यात निलिटची सी.सी.सी., ओ लेव्हल व तिच्या वरच्या परीक्षा, किंवा एम.एस.-सी.आय.टी. यांपैकी कोणतीही एक चालते असे ठरले. "कोणतीही एक" हे शब्द ध्यानात ठेवा. एम.एस.-सी.आय.टी. झालेल्या मुली आणखी भर म्हणून सी.सी.सी. ला बसतात. ज्या दाराची किल्ली कमरेला आहे, त्याच दाराची दुसरी किल्ली करून घेण्यात शहाणपण कोणते?

टंकलेखनाचेही तसेच. लिपिक-टंकलेखक या पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. इथेही शब्द "किंवा" आहे. मराठी ३० हाती असलेल्या मुलीने आणखी सहा महिने इंग्रजी ४० साठी घालवण्याआधी स्वतःला विचारावे, की आता मला कमी काय आहे? बहुधा कमी असतो तो भरतीच्या परीक्षेचा अभ्यास, म्हणजे मराठी, इंग्रजी, सामान्यज्ञान आणि बुद्धिमापन. तिची पुढची परीक्षा तीच. खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयाची मर्यादा आहे. दाखले वाढत राहतात आणि वर्षे मात्र कमी होत जातात, हे विसरू नये.

ज्या भगिनीला मोंढ्यातल्या आडतीवर किंवा एखाद्या दुकानात हिशेबाचे काम हवे असेल, तिची वाट निराळी. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि लहान दुकानदारालाही संगणकावर हिशेब ठेवण्याची गरज पडू लागली. तिने टॅली शिकावे, आणि दाखल्यापेक्षा एका दुकानाची महिनाभराची बिले बिनचूक नोंदवून दाखवावीत. दुकानदार कागद पाहत नाही, बेरीज पाहतो.

आपल्या बीड जिल्ह्याची आणखी एक गोष्ट. दसरा-दिवाळीच्या सुमारास कितीतरी घरे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती चार-सहा महिने परतत नाहीत. अशा घरच्या मुलीला रोजच्या हजेरीचा वर्ग हंगामात कसा जमावा? तिने एक तर कोयता घरी परतल्यावर वर्ग धरावा, किंवा घरच्या अभ्यासावर सी.सी.सी. द्यावी. परीक्षा चांगली की वाईट एवढे पाहून भागत नाही. ती आपल्या वर्षाच्या घडीत बसते का, तेही पाहावे लागते.

आता माझ्या घरचे सांगते, कारण उपदेश सोपा असतो. माझी एम.एस.-सी.आय.टी. आणि मराठी ३० झालेली आहे. वय ३६. मला ओ लेव्हल द्यायची आहे, कारण नोंदी करणाऱ्या बाईला नोंदींचेच काम मिळत राहते आणि मला पुढचे काम शिकायचे आहे. माझ्या नणंदबाई लेकीला घेऊन दोन वर्षांपूर्वी माहेरी आल्या. शिक्षण बारावी. संगणकाला त्यांचा हात कधी लागलेला नाही. या सहामाहीत घरात एकीच्याच शुल्काइतके पैसे आहेत. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही भरा. तुमचं पुढं गेलेलं आहे, माझं काय व्हायचं आता?"

आम्ही दोघींनी रात्री जेवणे झाल्यावर वहीत मांडणी केली. माझा एक विषय पुढे ढकलला तर काय बुडते? काहीच नाही, ओ लेव्हलची परीक्षा वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, येते आणि माझी नोकरी चालू आहे. त्यांची परीक्षा पुढे ढकलली तर काय बुडते? आणखी सहा महिने त्या दुसऱ्याच्या हाताकडे पाहत राहणार. मग त्यांनी कोणती द्यावी? थेट सी.सी.सी. स्वस्त पडली असती. परंतु घरात संगणक नाही, आणि माझ्या कचेरीचे यंत्र कचेरीचे आहे. त्यांना रोज यंत्रापुढे बसायला जागा हवी, ती वर्गातच मिळेल. म्हणून एम.एस.-सी.आय.टी. ठरली. शुल्क त्यांचे भरले. वन्सं आता दुपारी वर्गाला जातात आणि त्या वेळी लेकीला सासूबाई सांभाळतात.

मी काय करते? मुंबईच्या आय.आय.टी. ने स्पोकन ट्युटोरिअल नावाचे पाठ तयार केले आहेत. ते विनामूल्य असून त्यांतले पुष्कळसे मराठीतून ऐकता येतात. रात्री फोनवर ते ऐकते आणि वहीत उतरवून घेते. शुल्क नंतर भरता येईल, अभ्यासाला मुहूर्त कशाला?

भगिनींनो, यातून मला जे उमगले ते थोडक्यात सांगते. फॉर्म भरण्यापूर्वी चार प्रश्न कागदावर लिहावेत. मला नेमके कोणते काम हवे? त्या कामाच्या जाहिरातीत कोणती अर्हता छापली आहे? ती माझ्यापाशी आधीच आहे का? आणि सराव कुठे करणार? जाहिरात स्वतः वाचावी. वर्गचालकाच्या तोंडून ऐकू नये. चारही उत्तरे मिळाली की परीक्षेचे नाव आपोआप पुढे येते.

शेवटच्या प्रश्नाशी मात्र आपल्या बहुतेकींचे पाऊल अडते. अभ्यास फोनवर ऐकता येतो, हात फोनवर बसत नाही. म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवते. वर्धापनदिनाच्या शिल्लक निधीतून एक वापरलेला पण चालू स्थितीतला संगणक घ्यावा आणि तो मंडळाच्या खोलीत ठेवावा. सी.सी.सी. च्या अभ्यासक्रमात असलेले लिबरऑफिस फुकट मिळते, त्यामुळे वेगळा खर्च नाही. प्रत्येकीला पाळीने एक तास द्यावा आणि वहीत सही घ्यावी. संध्याकाळचा पहिला तास शिकवण्याची जबाबदारी मी घेते. दुसऱ्या तासाला वन्सं येतील. त्यांना मी अजून विचारलेले नाही, पण त्या नाही म्हणणार नाहीत.