ट्युलिपचा कांदा नक्की कोणी खाल्ला?

शेअर बाजारावरच्या रील्स बघता ना? मग ही गोष्ट कानावर आलीच असेल. सतराव्या शतकातलं हॉलंड. ट्युलिपच्या एकेका कंदाला घराएवढी किंमत. मग बाजार कोसळला आणि म्हणे सगळा देश भिकेला लागला!

सोबत तो खलाशीही येतो. व्यापाऱ्याने त्याला न्याहारीला हेरिंग मासा दिला. पठ्ठ्याने समोर पडलेला कांदा उचलला आणि माशासोबत फस्त केला. निघाला तो 'सेम्पर ऑगस्टस' या सगळ्यात महागड्या ट्युलिपचा कंद. खलाशी थेट तुरुंगात!

ऐकायला भारी आहे, पण मला ती पटत नाही. ही कथा जगभर पोचवली चार्ल्स मॅके या स्कॉटिश लेखकाने, १८४१ च्या पुस्तकातून. म्हणजे दोनशे वर्षांनी! भाव पडले ते फेब्रुवारी १६३७ मध्ये, हे खरं. पण तेव्हा कंद जमिनीखाली होते आणि सौदे नुसते वायद्याचे. पैसे द्यायचे उन्हाळ्यात, कंद उपटल्यावर. त्यामुळे बरेच सौदे मोडले, भांडणं झाली, एवढंच. अ‍ॅन गोल्डगर या इतिहासकार बाईंनी जुनी दप्तरं धुंडाळली. ट्युलिपपायी देशोधडीला लागलेला माणूस त्यांना सापडला नाही.

पण ट्युलिपचे कंद माणसांनी खाल्लेत हो. ती गोष्ट रीलमध्ये येत नाही.

१९४४ चा हिवाळा. नेदरलँड्सवर जर्मनांचा ताबा. डच रेल्वे कामगारांनी संप केला म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडच्या शहरांचं अन्न अडवलं. त्यात थंडी अशी की कालवे गोठले, बोटी बंद. युद्धामुळे फुलांचा धंदा बसलेला, कंद मात्र पोत्यांनी पडून होते. मग तेच खायचे ठरले. ते कसे शिजवायचे याच्या कृती सरकारी खात्यानेच छापल्या: सोला, मधे कापा, आतला पिवळा कोंब काढून टाका, कारण तो विषारी असतो. उरलेलं उकडा, सूप करा, नाहीतर वाळवून पीठ दळा.

तरी त्या हिवाळ्यात सुमारे २०,००० माणसं गेली. एप्रिल १९४५ च्या शेवटी ब्रिटिश विमानं खाली उतरत आली, तीही बॉम्ब न टाकता. या वेळी त्यांतून अन्नाची पोती पडली.