माहीत नसेल तर कोरं सोड

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू कंप्युटरवाली, तेव्हा एआयवर काहीतरी बोल." मी हो म्हटलं आणि आज इथे उभी राहून कापडावर बोलणार आहे. संयोजकांनी माफ करावं. ते माझ्याच बाकावर बसायचे, त्यांना माझी सवय आहे.

दुसरा संकोच वेगळा आहे. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं वि. स. खांडेकर ज्या शिरोड्यात शिक्षक होते, तिथे माझ्यासारखीने शब्दांबद्दल बोलायचं म्हणजे जरा धाडसच. पण माझं कामही शेवटी एका शब्दाचंच आहे. ऑनलाइन कपडे विकणाऱ्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर लिहिते. तुम्ही मोबाइलवर कुर्ता बघता तेव्हा फोटोखाली 'कापड : कॉटन' अशी ओळ असते. ती ओळ कुठून येते, कुठे साठवली जाते आणि तुम्ही 'कॉटन' शोधल्यावर कोणते कपडे वर येतात, हे माझं खातं.

आपल्या बाजारात कापड घ्यायला आई कशी जायची, आठवा. दुकानदार तागा उलगडायचा, आई दोन बोटांत कापड चुरगाळून बघायची, उजेडाकडे धरायची, मग भाव विचारायची. दुकानदार काय म्हणतो याला फारसं महत्त्व नसायचं, कारण हात सांगायचा. मोबाइलवर हात चालत नाही. तिथे हाताचं सगळं काम त्या एका शब्दाला करावं लागतं.

आणि तो शब्द भरतो कोण? सुरतेत, तिरुपूरला, इचलकरंजीत किंवा भिवंडीत विक्रेत्याच्या ऑफिसात बसलेला एखादा मुलगा. त्याच्यापुढे शेकडो ओळींचा तक्ता असतो : रंग, माप, बाही, गळा, कापड. त्याने ते कापड पाहिलेलंही नसतं. आमचा तक्ता त्याला सांगतो की रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मग तो यादीतलं पहिलं नाव निवडतो, किंवा ज्याने माल खपेल ते. त्याला खोटं बोलायचं नसतं, तक्ता संपवायचा असतो.

त्यात रकानाच चुकीचा आखलेला असतो. आमच्या जुन्या यादीत 'कॉटन', 'सिल्क', 'सॅटिन', 'जॉर्जेट', 'पॉलिएस्टर' अशी नावं एकाखाली एक होती. यातलं कॉटन, सिल्क आणि पॉलिएस्टर म्हणजे धागा. सॅटिन म्हणजे वीण. जॉर्जेट हाही कापडाचा एक प्रकार, धाग्याचं नाव नव्हे. सॅटिन रेशमाचं असतं तसंच पॉलिएस्टरचंही असतं. म्हणजे हा प्रश्न 'तुझं गाव कोणतं : शिरोडा, वेंगुर्ला की डॉक्टर?' असा विचारल्यासारखा झाला.

आता माझी स्वतःची चूक सांगते. ती आजवर ऑफिसच्या बाहेर कुठे सांगितलेली नाही.

काही वर्षांपूर्वी तक्रार आली की 'कॉटन' शोधलं की माल कमी दिसतो. विक्रेते कोणी 'कॉटन' लिहीत, कोणी 'प्युअर कॉटन', कोणी 'पॉलिकॉटन', कोणी 'कॉटन ब्लेंड'. मी एका दुपारी नियम लिहिला : ज्या शब्दात कॉटन आहे ते सगळं 'कॉटन'मध्ये घाला. दहा-बारा ओळींचा कोड. माल भरपूर दिसू लागला आणि मला शाबासकी मिळाली.

त्यानंतरच्या मे महिन्यात बाबा अंथरुणाला खिळले होते. आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको. पाठ सतत गादीला, घामोळ्यांनी अंग भरलेलं. डॉक्टरांनी सांगितलं, फक्त सुती घाला. मी पुण्याहून आमच्याच साइटवरून सहा सदरे मागवून घरी पाठवले. 'कॉटन' बघूनच घेतले. चार दिवसांनी आईचा फोन आला. घामोळी वाढली होती, पाठ सोलवटली होती. तिने सदऱ्याच्या शिवणीतला एक धागा उपसून समईच्या ज्योतीवर धरला होता.

"जळाक नाय गो," ती म्हणाली, "वितळला. शेवटाक मणी झालो. ह्यां सुती न्हय." मग थोडं थांबून, "ह्यां तुझ्याच दुकानातला मां?"

सुती धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. मिश्र धाग्यात दोन्ही दिसतं. रात्री मी त्या सदऱ्याची नोंद उघडली. विक्रेत्याने प्रामाणिकपणे 'कॉटन ब्लेंड' लिहिलं होतं. त्याचं 'कॉटन' माझ्या नियमाने केलं होतं.

आईने जुनी धोतरं फाडून बंड्या शिवल्या. बाबांना त्यांत बरं वाटलं. तो त्यांचा शेवटचा उन्हाळा होता. घामोळ्यांनी माणूस जात नाही, हे मला कळतं. पण त्यातले चार दिवस माझ्या कोडमुळे जास्त त्रासाचे गेले, हेही मला कळतं.

त्या रात्री मला आठवली आठवीतली शिवणाची वही. कार्यानुभवाच्या तासाला मुलगे बागेत जायचे आणि आम्ही मुली शिवणाला. बाईंनी आम्हाला कापडाची वही करायला लावली होती. शिंप्याकडून चिंध्या आणायच्या, चार बोटांचा तुकडा चिकटवायचा आणि खाली लिहायचं : धागा कोणता, वीण कोणती, पाण्यात आटतं का, रंग जातो का. चार प्रश्न, चार वेगळ्या ओळी. मी एका चमकदार तुकड्याखाली बिनदिक्कत 'रेशीम' लिहिलं. बाईंनी धागा काढून काडी लावली, मणी दाखवला आणि लाल शाईने लिहिलं : 'माहीत नसेल तर कोरं सोड. अंदाजाने लिहू नको.' मला पाचपैकी दोन गुण मिळाले. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, ते दोन गुण मला आता पटले.

मी ऑफिसात जाऊन माझा नियम काढला. मग तक्ता नव्याने आखला. धागा वेगळा, टक्क्यांसह, आणि बेरीज शंभर झालीच पाहिजे. वीण वेगळी. अस्तर वेगळं, कारण वरून सुती आणि आतून पॉलिएस्टर असे पोशाख पुष्कळ असतात. कपड्याच्या आतल्या पट्टीचा फोटो हवाच. आणि यादीत सगळ्यात वर एक नवा पर्याय : 'माहीत नाही'.

सगळ्यात जास्त भांडण या शेवटच्या पर्यायावरून झालं. "ग्राहकाला 'माहीत नाही' दाखवायचं? कोण घेईल?" असं विचारलं गेलं. मी म्हटलं, काही जण घेणार नाहीत. पण ज्याला सुतीच हवं आहे त्याला निदान फसायला होणार नाही. तीन महिने वाद चालला. 'कॉटन'खालचा माल खरोखरच कमी झाला आणि मला त्याबद्दल बोलणीही खावी लागली. शेवटी पर्याय राहिला, पण यादीत वरून खाली गेला. तेवढी तडजोड मी केली.

हे दुखणं आमच्याच कंपनीचं नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दोन मोठ्या दुकानांवर रेयॉनचे कपडे 'बांबूचे' म्हणून विकल्याचा आरोप झाला आणि दोघांना मिळून ५५ लाख डॉलर भरावे लागले. रेयॉन हे लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यावर रसायनांची प्रक्रिया करून बनवतात, त्यामुळे तयार धाग्याला बांबू म्हणणं तिथल्या नियमात बसत नाही. आपल्याकडे पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी 'सेमी पैठणी', 'आर्ट सिल्क पैठणी' या नावांनी यंत्रमागावरच्या साड्या सर्रास विकल्या जातात. यातलं 'आर्ट' म्हणजे कला नव्हे हो, 'आर्टिफिशियल'! हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून बघा, नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. ऑनलाइन घेताना पदराच्या मागच्या बाजूचा फोटो मागा.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. जे लिहिलं होतं ते आलं नाही, तर परत करण्याचा तुम्हाला हक्क आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. आणि परत करताना कारण म्हणून 'आवडलं नाही' निवडू नका, 'वर्णनाप्रमाणे नाही' निवडा. ती कारणं आम्ही वाचतो. त्या एका टिचकीवरून आम्हाला चुकीच्या नोंदी सापडतात.

आईने ते सहाही सदरे परत पाठवले नाहीत. पाच पायपुसणी झाले. सहावा तिने धुऊन मला पुण्याला पाठवला. तो माझ्या ऑफिसातल्या खणात आहे. नवीन मुलं कामाला लागली की मी त्यांना त्यातला एक धागा काढून देते आणि काडेपेटी देते. आग लागल्याची घंटा अजून तरी वाजलेली नाही.

बाई, ती वही माझ्याकडे नाही, पावसात गेली. वर्गातल्या कोणाकडे असेल तर मला द्या. तक्त्यात अजून काय राहिलं आहे ते बघायचं आहे.