जुन्या व्यापारी वाटा आणि आपला जिल्हा
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात केलेले भाषण)



प्राचीन व्यापारी मार्ग आणि संस्कृतींची देवाणघेवाण हा विषय आपल्यासमोर मांडण्याची आज्ञा मला झाली आहे. मी या विषयातील पंडित नाही. इतिहासाचा एक विद्यार्थी आहे, आणि विद्यार्थ्याच्या नात्यानेच चार विचार आपणांपुढे ठेवणार आहे. ते शाळेच्या उपयोगी पडावेत, एवढीच इच्छा.

व्यापारी मार्ग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उंटांचे तांडे, वाळवंटे आणि चीनचे रेशीम उभे राहते. मुलांच्याही मनात असेच चित्र असते. त्याचा परिणाम असा होतो की इतिहास हा कोठेतरी दूर घडला, आपल्या गावात काहीच घडले नाही, अशी समजूत कोवळ्या वयातच दृढ होते. ज्या मुलाला आपला गाव जगाच्या कडेला पडलेला वाटतो, त्याला स्वतःविषयीही फारशी आशा वाटत नाही. म्हणून हा प्रश्न मला केवळ इतिहासाच्या तासापुरता वाटत नाही.

प्रथम आपल्या जिल्ह्याचा भूगोल पाहू. आपण सहज बोलताना 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे म्हणतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे हे दोन भाग केले आहेत. घाटावर बुलढाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा पूर्वेकडे जाते आणि तिचे पाणी शेवटी गोदावरीच्या द्वारे पूर्व समुद्राला मिळते. घाटाखालची पूर्णा तापीला मिळते आणि तिचे पाणी पश्चिम समुद्राला जाते. एकाच पावसाचे दोन थेंब शेजारी पडून दोन समुद्रांना जावेत, अशी ही भूमी आहे. उत्तरेकडून तापीचे खोरे ओलांडून दक्षिणेत उतरणाऱ्या प्रत्येकाला हा डोंगर कोठेतरी चढावाच लागे. आणि जेथे चढ सोपा तेथे वाट, जेथे वाट तेथे मुक्काम, आणि जेथे मुक्काम तेथे बाजार, हा क्रम स्वाभाविक होय.

या वाटांना किती जुना आधार आहे? 'सुत्तनिपात' या पाली ग्रंथात गोदावरीकाठच्या बावरी नामक ब्राह्मणाचे 16 शिष्य बुद्धाच्या भेटीस निघाल्याची कथा आहे. त्यांच्या प्रवासातील मुक्काम त्यात क्रमाने दिले आहेत. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण, तेथून माहिष्मती, पुढे उज्जयिनी, विदिशा, कौशांबी आणि श्रावस्ती. पैठणहून माहिष्मतीस जाणाऱ्याला अजिंठ्याची रांग उतरून तापी ओलांडावी लागते. या मार्गाच्या आसपासच अजिंठ्याची लेणी आहेत, आणि त्यांतील सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीची आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती देणारे 'पेरिप्लस' नावाचे पुस्तक लिहिले. त्यात भडोचपासून पैठण 20 दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस तेर 10 दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड गाड्यांत भरून अवघड वाटांनी भडोचला नेत असत. तेथून ते माल जहाजांत चढे. रोमन लेखक प्लिनी याने त्याच शतकात तक्रार केली की हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्यातून 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो. अशा तक्रारीतूनही व्यापाराचे माप कळते.

आता आपल्या अगदी शेजारचे उदाहरण घेऊ. बुलढाण्याहून धाडमार्गे पुढे गेले की जालना जिल्ह्यातील भोकरदन लागते. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची येथील स्तूपासाठी ज्यांनी दाने दिली त्यांची नावे तेथील दगडांवर कोरलेली आहेत आणि त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचीही नावे आहेत. 1973 च्या सुमारास भोकरदन येथे उत्खनन झाले, तेव्हा हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती 1938 मध्ये इटलीतील पाँपेई नगरात सापडली होती. ते नगर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचलेली होती. तेर-भोकरदनचा प्रदेश हेच तिचे माहेर असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

आणि खुद्द आपल्या जिल्ह्यात? संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन नावाचे गाव आहे. तेथील पांढरीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी चालू शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन केले. मौर्य-सातवाहन काळातील मोठी वसाहत उजेडात आली. विटांचा स्तूप निघाला, खापराच्या कड्या एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी निघाल्या, आणि विटांनी बांधलेला एक पाटही निघाला. पूर्णाकाठचा हा खारपाणपट्टा. गोड्या पाण्याचे मोल तेथील माणसाला आजही सांगावे लागत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनाही पाण्याचा विचार करावा लागला, आणि त्यांनी तो करून दाखविला.

परंतु हे स्थळ जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. येथे शिक्षकाची कसोटी आहे. धरण वाईट, असे मुलांना सांगणे सोपे आहे. पण त्याच वर्गात कोरडवाहू शेतकऱ्याची मुले बसलेली असतात. जुने ते गेले तर जाऊ द्या, असे म्हणणेही तितकेच सोपे आहे. शेताला पाणी हवे आणि गावाला स्मृतीही हवी. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हे मुलांपुढे प्रामाणिकपणे मांडावे. ज्या गावाने प्राचीन काळी पाट बांधला, त्याच गावावर नव्या काळातील पाण्याची छाया पडावी, यातील गांभीर्य चौथीच्या मुलालाही समजते. पाण्याखाली जाणाऱ्या गोष्टीची नोंद, छायाचित्र आणि आठवण ज्यांच्याजवळ राहील ते आपले विद्यार्थीच होत.

मालाबरोबर वाटेने आणखी काय येते? अजिंठ्याच्या चित्रांतील गडद निळा रंग ज्या दगडापासून केला, तो लाजवर्द अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येत असे. येथील चित्रकाराच्या हाती तो पोहोचेपर्यंत त्या दगडाने किती भाषा ऐकल्या असतील, याची कल्पना मुलांना करू द्यावी. मात्र त्याच वाटांनी सैन्येही आली. मोताळा तालुक्यातील रोहिणखेड घाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे 1437 मध्ये आणि पुन्हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथे लढाया झाल्या. वाट ही कोणाची मैत्रीण नसते. ती व्यापाऱ्याला, भिक्षूला आणि शिपायाला सारखीच चालू देते.

अलीकडच्या काळाकडे पाहिले तरी हेच दिसते. 1861 ते 1865 या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि तिकडचा कापूस विलायतेस जाणे थांबले, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाचे भाव एकाएकी चढले. युद्ध संपताच ते उतरले. 1870 मध्ये जलंब ते खामगाव लोहमार्ग सुरू झाला तो कापसासाठीच. बाप कापसाच्या भावाकडे का डोळे लावून बसतो, हे ज्या मुलाला घरी दिसते, त्याला दूरच्या जगाशी आपला संबंध आहे हे पटविण्यास निराळे उदाहरण लागत नाही.

आता वर्गात काय करता येईल, ते सांगतो. त्यासाठी पैशाची गरज नाही.

पहिली गोष्ट, मुलांच्या शिदोरीपासून आरंभ करावा. भाकरी आणि ठेचा हे आपले अस्सल वऱ्हाडी जेवण. परंतु ज्वारीचे मूळ आफ्रिकेत असून ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. मिरची आणि भुईमूग ही अमेरिकेतील पिके. 1492 नंतर युरोपीय दर्यावर्द्यांमुळे ती जगभर पसरली. त्यापूर्वी आपल्या पूर्वजांच्या जेवणात तिखटपणासाठी मिरे होते, आणि नव्या फळाला त्यांनी मिऱ्यावरूनच नाव दिले. आज आपल्या शिवारात दिसणारे सोयाबीन मूळचे चीनकडचे. जे परके म्हणून आले ते आपल्या मातीत रुजले, आणि आपल्या बायाबापड्यांच्या हाताने त्याला आपली चव दिली.

दुसरी गोष्ट, शब्दांची. मूल खांद्यावर घेऊन येते ते 'दप्तर' फारसीतून आपल्याकडे आले आणि त्याचे मूळ कातड्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दात आहे. वस्तूचा 'दाम' हा द्रम्मावरून आणि द्रम्म हा ग्रीक नाण्याच्या नावावरून आला. 'बाजार' आणि 'जमीन' फारसी. 'पगार', 'चावी' आणि 'बटाटा' पोर्तुगीज. कागद करण्याची कला चीनची. मुलांना अशा शब्दांची वही करावयास सांगावी. आपली मायबोली यामुळे उणी होत नाही. उलट पाहुण्याला घरचा करून घेण्याची तिची शक्ती दिसून येते.

तिसरी गोष्ट, आठवडी बाजाराची. बाजाराच्या दिवशी कोणता जिन्नस कोणत्या गावाहून आला, हे मुलांनी विचारून लिहावे आणि मग फळ्यावर नकाशा काढावा. गावातील वृद्धांकडून जुन्या गाडीवाटांची, तांड्यांची आणि यात्रांची माहिती घ्यावी. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेणारे बंजारे हे या देशाचे खरे दळणवळण होते. त्या समाजाची मुले आपल्या शाळांत शिकत आहेत. आपल्या आजा-पणजाने देशाला मीठ पुरविले, हे त्यांना शिक्षकाच्या तोंडून सर्वांदेखत ऐकावयास मिळाले पाहिजे. त्या एका वाक्याने त्या मुलाचे वर्गातील स्थान बदलू शकते.

चौथी गोष्ट सावधगिरीची आहे. अनेक गावांत जुनी पांढर किंवा गढी असते. तेथे मुलांना उकरू देऊ नये. मणी, खापर किंवा नाणे आढळले तर ते कोठे आढळले याची नोंद करावी, कारण जागेवेगळे झालेले खापर मुके होते. नाण्यांसारखा ठेवा सापडल्यास 1878 च्या कायद्यान्वये त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी लागते, हेही गावकऱ्यांना समजावून सांगावे. पांढरीची माती खत म्हणून शेतात नेताना कित्येक गावांचा इतिहास गाड्यांत भरून गेलेला आहे.

शेवटी एक विनंती. हा विषय शिकविताना दोन टोके टाळावीत. आपल्या गावाजवळ काहीच नव्हते, हे एक टोक. आणि जगाला सर्व काही आपणच दिले, हे दुसरे. पहिल्याने मूल दीन होते, दुसऱ्याने ते आढ्यतेखोर होते. आपण दिले आणि आपण घेतलेही, हेच सत्य आहे, आणि घेणाऱ्याला त्यात कमीपणा नाही. जेथे पुरावा आहे तेथे 'असे आहे' म्हणावे. जेथे तर्क आहे तेथे 'असे असावे' म्हणावे. हा 'आहे' आणि 'असावे' यांतील भेद मुलाच्या मनात रुजला, तर इतिहासाच्या शिक्षणाचे अर्धे काम झाले.

भोनच्या पाटाचे काय व्हावयाचे ते आपल्या हाती नाही. पण पूर्णेच्या काठावरील एखाद्या मुलाला तो पाट माहीत असावा की नसावा, हे मात्र संपूर्णपणे आपल्याच हाती आहे.