खो देणारा हात



खो-खो पाहिला नाही असा माणूस आपल्या तेर गावात शोधून सापडायचा नाही. आठ गडी एका रांगेत बसलेले, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे, आणि नववा गडी पाठलागावर. बसलेल्याला आपल्या मर्जीने उठता येत नाही. पाठीमागून हात लागला आणि 'खो' असा आवाज आला, तरच उठायचं. आवाज आला आणि गडी बेसावध असला, तर मिळालेली संधी वाया जाते. आज मी याच खेळातल्या एका खेळाडूविषयी बोलणार आहे.

सारिका काळे आपल्याच धाराशिव जिल्ह्याच्या. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने खो-खोचं सुवर्णपदक जिंकलं. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून त्यांना नोकरीही मिळाली.

आता या यशामागचं ऐका. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी पत्रकारांना सांगितलं, की जवळजवळ दहा वर्षं घरात एकच वेळचं जेवण मिळत होतं. वडील शरीराने अधू, त्यामुळे कमाई बेताची. आई शिवणकाम करून घर चालवी. २०१६ सालीच घरच्या अडचणींमुळे खेळ सोडावा, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली आणि त्या पुन्हा मैदानावर आल्या.

मित्रहो, यातून उपाशी राहिलं की माणूस मोठा होतो, असा अर्थ कोणी काढू नये. उपासमारीने कितीतरी गुणी मुलं मागे पडतात आणि त्यांची नावंसुद्धा आपल्याला कळत नाहीत. सारिकाताईंची जिद्द मोठी होतीच. पण त्यांना पहिल्यांदा मैदानावर नेणारे नातेवाईक होते, मशीन चालवणारी आई होती, खचल्या वेळी धीर देणारे गुरू होते. वेळोवेळी कोणीतरी पाठीमागून खो दिला, आणि प्रत्येक वेळी त्या उठायला तयार होत्या.

विद्यार्थ्यांनो, तुमचं काम तयार राहण्याचं. खो-खोत उठलेल्या गड्याला एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही. अभ्यासातही तसंच आहे. आज एक पुस्तक, उद्या दुसरं, परवा कंटाळा, असं करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आणि पालकहो, आपलं काम खो देण्याचं. मुलगी सातवी-आठवीत गेली की तिचं मैदान बंद होतं, आणि पुढे पुष्कळदा शाळाही. लोक काय म्हणतील, ही काळजी मला समजते. पण नसरीन शेख यांचं उदाहरण पाहा. दिल्लीत रस्त्यावर भांडी विकणाऱ्या बापाची ही लेक. २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताची कर्णधार होती. २०२३ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही ती होती. त्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असं हरवलं. संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या कुटुंबातली. नसरीनच्या बापाने लोकांच्या बोलण्यापेक्षा लेकीच्या पायांवर जास्त भरवसा ठेवला.

सगळ्यांनाच पदक मिळणार नाही, हे उघड आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात, तरी त्याही मोजक्यांनाच मिळतात. म्हणून वही बाजूला ठेवून नुसतं मैदान धरा, असं मी सांगणार नाही. पण हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसणं आणि आपली पाळी येईपर्यंत सावध राहणं मैदानावरच अंगवळणी पडतं. दहावीत नापास झालेल्या मुलालाही तेच उपयोगी पडतं.

गोरोबाकाकांनी नामदेवांना कच्चं मडकं ठरवल्याची गोष्ट आपल्या गावात सर्वांना ठाऊक आहे. नामदेव रुसून बसले नाहीत, त्यांनी गुरू शोधला. आपल्या घरातलंही एखादं मूल आज कच्चं असेल. त्याला फोडू नका, फेकू नका. येत्या जूनमध्ये त्याचं नाव शाळेच्या पटावर राहील, एवढं आज ठरवून घरी जा.